मटका गुन्हा, मग मोबाइलवरचा डाव उद्योग कसा झाला?

प्रश्न : आम्ही मूळचे लालबागचे. वडील गिरणीत होते. चाळीत आकडा लावणारे कितीतरी जण होते. पोलिसांची धाड पडली की आकडा घेणारा खायवाल पळायचा आणि सापडलेल्यांची नावं संध्याकाळपर्यंत चाळभर व्हायची. गेली काही वर्षं आमच्याच इमारतीतली मुलं मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत होती, क्रिकेटच्या टीम लावत होती. त्याच्या जाहिराती ऐन सामन्यात टीव्हीवर दिसत होत्या. या कंपन्यांची ऑफिसं मुंबईतच, तीही वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या भागात. मटका लावला तर गुन्हा आणि मोबाइलवर लावला तर उद्योग, हे कसं काय? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : थोडक्यात सांगायचं तर, जुगार कशाला म्हणायचं हे ठरवताना आपल्या कायद्याने एकच कसोटी लावली. खेळात डोकं जास्त चालतं की नशीब? मटका त्या कसोटीवर नापास झाला आणि रमी पास झाली. पैसे किती जातात, किती वेगाने जातात आणि कोणाच्या खिशात जातात, हे फारसं विचारलं गेलं नाही. उद्योग वाढला तो या न विचारलेल्या प्रश्नांच्या आडोशाने. आता हे सविस्तर पाहू, आणि सुरुवात तुमच्या चाळीपासूनच करू.

आकड्याचा मुंबईतला उगम कापसाच्या बाजारात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव काय उघडला आणि काय बंद झाला, हे टेलिप्रिंटरवरून मुंबईत यायचं आणि त्या भावाच्या आकड्यांवर इथे पैसे लागायचे. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथून आले. १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून येणारे हे आकडे थांबले, तेव्हा इथल्या धंद्याने स्वतःचे आकडे तयार करायला घेतले. कच्छमधून आलेल्या आणि वरळीत किराणा विकणाऱ्या कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळी मटका सुरू केला. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी १९६४ मध्ये आपला वेगळा मटका काढला. मडक्यातून चिठ्ठ्या काढायच्या, पुढे पत्ते काढायचे, आणि निघालेला आकडा फोनवरून गल्लीगल्लीत पोचवायचा.

हा आकडा बनायचा कसा? तीन पत्ते काढले, समजा ३, ५ आणि ६. हा झाला पाना. तिघांची बेरीज १४, तिचा शेवटचा अंक ४, म्हणजे ओपन ४. रात्री उशिरा पुन्हा तीन पत्ते, समजा २, ८ आणि ८. बेरीज १८, क्लोज ८. दिवसाची जोडी ४८. एका अंकावर रुपया लावला आणि तो लागला तर साधारण नऊ रुपये मिळत, जोडीला नव्वदच्या आसपास. अंक दहा आणि मिळणार नऊ, जोड्या शंभर आणि मिळणार नव्वद. म्हणजे लावलेल्या प्रत्येक रुपयामागे सरासरी दहा पैसे धंदा चालवणाऱ्याकडे राहणार, हे पत्ता निघण्याआधीच ठरलेलं. बाकी स्वप्नात आलेला आकडा, गाडीच्या नंबराचा आकडा, बाबांनी दिलेला आकडा, या साऱ्याने त्या दहा पैशांत काही फरक पडत नसे.

गिरणगावात हा खेळ रुजला, कारण तो चार-आठ आण्यांतही खेळता यायचा. पगार ठरलेला होता आणि पगारापलीकडची आशा स्वस्तात मिळत होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, पुढे पोलिसांची कारवाई वाढली आणि मटक्याचा जुना पसारा आक्रसला. तो पूर्ण संपला मात्र कधीच नाही.

मटक्याविरुद्ध वापरला जाणारा कायदा १८८७ चा, मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा. जुगाराचा अड्डा चालवणं, तिथे सापडणं, जुगाराला मदत व्हावी म्हणून आकडे छापणं-वाटणं, हे त्यात गुन्हे आहेत. पण त्याच कायद्यात एक कलम असंही आहे की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. साऱ्या पुढच्या गोष्टीची बिजागरी हीच.

१९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांचं एक प्रकरण आलं होतं. बंगळुरूहून चालणाऱ्या त्या स्पर्धांवर मुंबई राज्याने कर बसवला होता. न्यायालय म्हणालं, जुगार हा व्यापारच नाही, त्यामुळे व्यापाराचं घटनात्मक स्वातंत्र्य त्याला मिळणार नाही. पण ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असतं, तो व्यवसाय आणि त्याला संरक्षण आहे. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी सिकंदराबादच्या एका क्लबचं प्रकरण आलं आणि न्यायालयाने म्हटलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता टाकायचा आणि कोणता धरायचा हे ठरवावं लागतं. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींनाही कौशल्याचा दाखला मिळाला.

रमीच्या त्या निकालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती जाहिरातींत कधी आली नाही. क्लबचा मालक अशा डावातून नफा कमावत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असंही न्यायालयाने तिथेच म्हटलं होतं. क्लबच्या सभासदांनी आपापसांत मांडलेला डाव एक आणि लाखो अनोळखी लोकांना डावावर बसवून प्रत्येक डावातून हिस्सा कापणारी कंपनी वेगळी, हा फरक त्या निकालातच होता. तो पुढे धूसर होत गेला. टीम लावायच्या फँटसी क्रिकेटबद्दल पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा कौशल्याचाच खेळ असल्याचं मान्य केलं आणि कंपन्यांना उघडपणे चालायला वाट मिळाली.

प्रश्न : कायद्याचं समजलं. पण हा धंदा इतक्या झपाट्याने कसा वाढला, आणि मुंबईतच का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : वाढीचं वर्ष शोधायचं तर २०१६ धरावं. त्या वर्षी यूपीआय सुरू झालं, सप्टेंबरमध्ये जिओमुळे इंटरनेट जवळपास फुकट झालं आणि नोव्हेंबरमधल्या नोटाबंदीने उरलेल्यांना मोबाइलवर पैसे पाठवायला शिकवलं. कंपन्या त्याआधीपासून होत्या. ‘रमीसर्कल’ चालवणारी गेम्स ट्वेंटीफोर बाय सेव्हन २००६ ची आणि फँटसी क्रिकेटवाली ‘ड्रीम इलेव्हन’ २००८ ची, दोन्ही मुंबईच्या. आयपीएलही २००८ मध्येच सुरू झाली. पण दहा रुपये लावायलाही कार्ड नाहीतर नेटबँकिंग लागत होतं, तोवर ग्राहक मोजकेच होते. बोटाच्या एका टिचकीसरशी पैसे जायला लागले आणि चाळीतला, वाडीतला, तालुक्याच्या गावातला प्रत्येक मोबाइल हा डावाचा पाट झाला.

दुसरा टप्पा २०२० चा. टाळेबंदीत माणसं घरात, काम थांबलेलं, हातात मोबाइल. त्याच वर्षी आयपीएलचं मुख्य प्रायोजकत्व ड्रीम इलेव्हनकडे गेलं आणि २०२३ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीवर याच कंपनीचं नाव आलं. मुलगा ज्या खेळाडूला देव मानतो, त्याच्या छातीवर हे नाव. अशी प्रतिष्ठा रतन खत्रींना स्वप्नातही मिळाली नसती.

मुंबईच का, याचं उत्तर या शहराच्या रचनेतच आहे. क्रिकेट मंडळाचं मुख्यालय वानखेडेवर. जाहिरात कंपन्या, वाहिन्या आणि चित्रपटातले चेहरे इथे. यूपीआय चालवणारी राष्ट्रीय संस्था, मोठ्या बँका आणि गुंतवणूकदार वांद्रे-कुर्ला संकुलात नाही तर त्याच्या आसपास. पैशावरचा खेळ विकायला जे जे लागतं ते सगळं एका लोकलच्या अंतरात होतं. त्याच्या जोडीला कायद्याची ढिलाई. तेलंगणाने २०१७ मध्येच पैसे लावून ऑनलाइन रमी खेळण्यावर बंदी घातली. आंध्र, तमिळनाडू आणि कर्नाटकाने तसे प्रयत्न केले, काही न्यायालयात अडकले. महाराष्ट्राने १८८७ चा कायदा मोबाइलच्या काळासाठी बदलला नाही.

एक विसंगती मला फार बोलकी वाटते. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला होता, तो कधीच अमलात आणला नाही. गोव्यासारखे कॅसिनो आपल्याकडे नकोत म्हणून २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्दही केला. मांडवी नदीतल्या बोटींवर जाऊन डाव मांडायचा तर पणजीपर्यंतचा प्रवास, प्रवेशाचे पैसे, ओळखपत्र, सगळं लागतं. तेवढ्याचीही आपल्याला धास्ती वाटली. आणि त्याच वर्षी कल्याणच्या लोकलमध्ये दारात लटकलेला मुलगा एका हाताने पट्टा धरून दुसऱ्या हाताने डाव मांडत होता. त्याला कुणी ओळखपत्र मागितलं तरी ते हातातल्या त्याच मोबाइलमध्ये होतं.

प्रश्न : मी स्वतः चांगली रमी खेळतो. नशिबाचा भाग थोडाच असतो. मग सतत सराव करणारा माणूस यात कमावणार नाही का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : घरच्या डावात कमावेल. कंपनीच्या डावात बहुतेक जण हरतात, आणि त्याचं कारण समजायला बेरीज-वजाबाकी पुरते.

दोन माणसं धरा, अगदी सारख्या तयारीची. दोघांकडे हजार-हजार रुपये. प्रत्येक डावाला दोघांनी शंभर-शंभर लावायचे. कंपनी जमलेल्या दोनशेतून दहा टक्के, म्हणजे वीस रुपये कापते आणि जिंकणाऱ्याला एकशे ऐंशी देते. दोघं सारखेच हुशार, त्यामुळे आज हा जिंकला, उद्या तो. पन्नास डाव झाले की दोघांचे मिळून दोन हजार होते, त्यातले हजार उरतात. शंभर डाव झाले की काहीच उरत नाही. दोघांपैकी कुणी वाईट खेळला नाही, कुणी फसवलं नाही, तरी सगळे पैसे तिसऱ्याकडे गेले. एका डावाला तीन मिनिटं धरली तर हे शंभर डाव पाच तासांत होतात. एका रविवारच्या दुपारी.

मग एखादा खरोखरच वरचढ असेल तर? तो कमावतो, पण त्याचे पैसे कुठून येतात ते पाहा. कंपनीचा हिस्सा आधी निघतो, मग या मूठभर वरचढांचा, आणि दोन्ही भरतात ते उरलेले सगळे. खेळात कौशल्य जितकं जास्त, तितका नवखा माणूस लवकर रिकामा होतो. मटक्यात सगळे सारखेच आंधळे होते, निदान गिरणीतल्या नव्या पोराला जुन्या खेळाडूसमोर बसवलं जात नव्हतं. म्हणून कौशल्याचा दाखला म्हणजे खेळणाऱ्याला मिळालेलं संरक्षण, असं कुणी समजू नये. ते संरक्षण कंपनीला होतं.

फँटसी क्रिकेटमध्येही हेच. अकरा खेळाडू निवडायचे, कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. क्रिकेट कळणाऱ्याला वाटतं, हे तर आपलं क्षेत्र. पण मोठ्या स्पर्धेत लाखो टीम असतात, काही जण एकाच सामन्याला अनेक टीम लावतात आणि संगणकावर आकडेमोड करून बसलेले असतात. कोट्यधीश झालेला एक चेहरा जाहिरातीत दिसतो. ज्यांच्या पन्नास-पन्नास रुपयांतून ते कोटी उभे राहिले, ते चेहरे दिसत नाहीत.

मग या खेळांवरचा कर वाढला. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर कापला जाऊ लागला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून खात्यात भरलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी. सरकारला वाटलं असेल, कर वाढवला की लोक कमी खेळतील. कंपन्यांनी बोनसच्या रूपाने तो भार बराचसा स्वतः उचलला आणि डाव चालू राहिले. सरकारच्या तिजोरीत भर पडली आणि घराघरातला खड्डा तसाच राहिला.

प्रश्न : माणसं पूर्वीही जुगार खेळत होती, आताही खेळतात. मोबाइलमुळे असं काय मोठं बदललं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : माणूस तोच आहे, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. बदलले ते त्याला आवरणारे लगाम. जुन्या मटक्याला असे चार लगाम होते.

पहिला वेळेचा. आकडा दिवसातून दोनदा निघायचा. हरलेल्या माणसाला पुढच्या आकड्यापर्यंत थांबावंच लागायचं आणि त्या थांबण्यात डोकं शांत व्हायला जागा होती. मोबाइलवरचा पुढचा डाव काही सेकंदांत तयार असतो. विमान उडत जातं, रक्कम वाढत जाते आणि ते कोसळण्याआधी बाहेर पडायचं, अशा खेळांत तर एक फेरी मिनिटभरही चालत नाही.

दुसरा जागेचा. अड्ड्यावर जावं लागायचं. अंगणातून, गल्लीतून, ओळखीच्या लोकांसमोरून. आता माणूस घरच्या पंगतीत बसून, मांडीखाली मोबाइल धरून खेळतो आणि शेजारी बसलेल्या बायकोला पत्ता नसतो.

तिसरा रोख पैशाचा. खिशात असेल तेवढंच जायचं. पगाराचं पाकीट अर्धं रिकामं झालेलं हाताला जाणवायचं. यूपीआयमध्ये पैसे हाताला लागतच नाहीत. खातं रिकामं झालं तर कर्ज देणारं ॲप त्याच मोबाइलमध्ये आहे. खेळाचं ॲप आणि कर्जाचं ॲप एका पडद्यावर शेजारी-शेजारी असणं, ही या काळातली सर्वांत घातक जोडी आहे. मटक्याने पगार खाल्ला, हिने पुढच्या पाच वर्षांचे पगारही खाल्ले.

चौथा लगाम ओळखीचा. खायवाल बेकायदा धंदा करायचा, त्याची बाजू मी घेत नाही. पण तो गल्लीतला होता आणि गिऱ्हाईक कुठवर झेपणारं आहे, हे त्याला ठाऊक असायचं. गिऱ्हाईक पुरतं बुडालं तर त्याचाही गल्ला बंद व्हायचा. ॲपलाही तुमची सगळी माहिती असते. तुम्ही कधी खेळता, किती हरल्यावर थांबता, किती दिवस आला नाहीत. ती माहिती तुम्हाला परत बोलावण्यासाठी वापरली जाते. चार दिवस खेळला नाहीत की बोनसचा मेसेज येतो.

याच्या जोडीला मेंदूचा एक गुणधर्म आहे. बक्षीस दर वेळी मिळालं किंवा कधीच मिळालं नाही, तर माणूस कंटाळतो. मधूनच, कधी मिळेल ते न कळता मिळत राहिलं, तर तो सोडत नाही. थोडक्यात हुकलेला डाव तर हरल्यासारखा वाटतच नाही, जिंकता जिंकता राहिलो असं वाटतं. वैद्यकशास्त्राने हे आजार म्हणून मान्य केलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात जुगाराचं व्यसन हा स्वतंत्र विकार आहे. त्यामुळे ‘मनाचा निग्रह नाही’ एवढं म्हणून हात झटकणं अन्यायाचं आहे. दारूच्या व्यसनी माणसाच्या तोंडाला वास येतो, पाय लटपटतात. या व्यसनाचं असं काही दिसत नाही. घरच्यांना कळतं तेव्हा कर्ज डोक्यावर आलेलं असतं.

जाहिरात मानक परिषदेने डिसेंबर २०२० पासून या जाहिरातींत इशारा बंधनकारक केला होता. आर्थिक जोखमीचा, सवय लागण्याचा. तो इशारा श्वास न घेता, कानाला कळणार नाही अशा वेगात म्हटला जायचा. आणि तो म्हणून होण्याआधीच पडद्यावर नट हसत असायचा.

प्रश्न : ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने या खेळांवर बंदी घातली. आता काळजीचं कारण उरलं नाही, असं समजायचं का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : कायदा मोठा आहे आणि त्याचं मी स्वागत करतो. ऑनलाइन गेमिंगचं प्रोत्साहन आणि नियमन करणारा हा कायदा २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झाला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असे व्यवहार होऊ देणाऱ्या बँका आणि पेमेंट कंपन्याही जबाबदार. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला पीडित मानलं आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच या कायद्याने बाजूला ठेवला. १९५७ पासून चालत आलेली कसोटी ऑनलाइन खेळांपुरती संसदेने एका फटक्यात मोडली. त्या वेळी सरकारने दिलेला अंदाज असा होता की सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी मिळून वीस हजार कोटी रुपये गमावतात.

कंपन्यांनी पैशाचे डाव बंद केले, क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं नाव गेलं, मुंबई-बंगळुरूत बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्या तरुणांचं दुःख खरं आहे. ग्राफिक्स करणारा, कोड लिहिणारा मुलगा यात गुन्हेगार नव्हता. कंपन्यांनी कायद्याला आव्हान दिलं आणि निरनिराळ्या उच्च न्यायालयांतली प्रकरणं सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतली.

पण समोरचं दुकान बंद झालं, मागची गल्ली उघडीच आहे. परदेशातून चालणारे सट्ट्याचे मंच या कायद्याआधीही बेकायदाच होते आणि तरीही जोरात होते. त्यांची पद्धत अशी. टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर कुणीतरी ‘आयडी’, म्हणजे त्या मंचावरचं खातं, देतो. पैसे भरायला दर वेळी वेगळं बँक खातं किंवा क्यूआर कोड येतो. ही खाती असतात एखाद्या विद्यार्थ्याची, रिक्षाचालकाची, बेकार तरुणाची, काही हजार रुपयांत भाड्याने घेतलेली. जिंकलेली छोटी रक्कम लगेच मिळते, विश्वास बसतो. मोठी रक्कम काढायला गेलं की ‘आधी कर भरा’ म्हणतात, नाहीतर आयडीच बंद होतो. तक्रार करायची कुणाकडे? मालक परदेशात, खातं भलत्याचंच. सट्ट्याच्या महादेव ॲपच्या प्रकरणाची तार भिलाईपासून दुबईपर्यंत गेली आणि २०२३ मध्ये मुंबईतही गुन्हा दाखल झाला, त्यावरून या जाळ्याच्या विस्ताराची कल्पना येते.

म्हणून तुमच्या आसपासच्या तरुणांना एक गोष्ट निक्षून सांगा. आपलं बँक खातं, एटीएम कार्ड किंवा सिम कुणालाही भाड्याने द्यायचं नाही. ‘फक्त खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार घे’ असं कुणी म्हणालं, तर उद्या पोलिस दारात उभे राहतील ते खातेदाराच्या, आयडी देणाऱ्याच्या नाही.

आणि नागरिक म्हणून आपण मागणी काय करायची, तेही स्पष्ट असावं. महालक्ष्मीची घोड्यांची शर्यत, राज्याची लॉटरी, गोव्यातले कॅसिनो हे सगळं चालूच आहे. सरकार जुगारापासून पूर्णपणे दूर कधीच नव्हतं आणि होईलसं दिसत नाही. उद्या न्यायालयाने या बंदीत काही बदल केले किंवा नवा काही खेळ नव्या नावाने आला, तर ‘यात कौशल्य आहे का’ या जुन्या वादात पुन्हा शिरू नये. एक माणूस एका रात्रीत किती हरू शकतो? हरलेल्याला थांबवणारी सक्तीची मुदत आहे का? कर्ज काढून खेळता येतं का? अल्पवयीन मुलगा वडिलांच्या मोबाइलवरून शिरू शकतो का? कोणत्याही खेळाला परवानगी देण्याआधी ही उत्तरं मागितली पाहिजेत. ती दहा वर्षांपूर्वी मागितली असती तर कित्येक घरं वाचली असती.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याने रमीत आणि नंतर कुठल्याशा आयडीवर पैसे घालवले, ॲपवरून कर्जं घेतली. आता ‘शेवटचे दोन लाख द्या, सगळं फेडून टाकतो’ म्हणतो. यजमान दागिने मोडायला तयार आहेत. काय करू? (एक आई, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, दागिने मोडू नका, निदान आज तरी नाही. मुलाच्या हातात एकरकमी पैसे देऊ नका. तो खोटारडा आहे म्हणून हे सांगत नाही. कर्ज फेडण्यासाठी मिळालेली रक्कम ‘एकदाच लावून दुप्पट करतो’ या मोहाला बळी पडणं, हे या आजाराचं लक्षणच आहे. गेलेले वसूल करायचे, ही ओढ सर्वांत मोठी असते.

आधी त्याला घरी बोलवा आणि त्याच्याजवळ बसून सगळी यादी कागदावर उतरवा. कोणत्या ॲपचं कर्ज किती, मित्रांचं किती, क्रेडिट कार्डाचं किती. पहिल्यांदा तो पूर्ण आकडा सांगणार नाही. कर्जाचा पूर्ण अहवाल पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढा म्हणजे अंदाज येईल. मग जे नोंदणीकृत बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं कर्ज आहे, त्यांच्याशी हप्ते बांधून घेण्याचं बोला आणि पैसे थेट त्यांच्याच खात्यात भरा. फोटो पसरवण्याची किंवा नातेवाइकांना फोन करण्याची धमकी कुणी दिली तर मेसेज जपून ठेवा, १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि पोलिसांत तक्रार करा. आयडीवर पैसे देणं बाकी आहे म्हणून कुणी धमकावत असेल तर त्याला एक पैसाही देऊ नका. त्याने स्वतःचं खातं कुणाला वापरायला दिलं असेल तर आजच बँकेला कळवून ते गोठवून घ्या.

पगाराच्या खात्यावर काही महिने त्याच्या संमतीने तुमची किंवा वडिलांची नजर राहू द्या. यूपीआयची मर्यादा कमी करून घ्या. कर्जाची ॲप काढून टाका. आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. तिथे तुम्ही स्वतःसुद्धा फोन करू शकता, मुलगा तयार नसला तरी.

एका गोष्टीकडे मात्र डोळेझाक करू नका. तो एकदम गप्प झाला, जगण्यात अर्थ नाही असं म्हणाला, वस्तू वाटून टाकू लागला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पैशाचा हिशेब नंतर करता येतो.

यजमानांनाही सांगा, चारचौघांत त्याचा पाणउतारा करू नका. लपवालपवीनेच हे इथवर आलं आहे आणि लाज वाटली की माणूस आणखी लपवतो. कर्ज तीन वर्षांत फिटेल, पाच वर्षांत फिटेल, पण फिटेल. मुलगा वयाने लहान आहे, हातात नोकरी आहे आणि त्याने तुमच्याकडे येऊन तोंड उघडलं आहे. यातून बाहेर पडलेल्या माणसांच्या गोष्टीची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच झालेली असते. आज रात्री त्याला फोन करा, पैशाचं काही न बोलता फक्त ‘घरी ये’ म्हणा, आणि उद्या सकाळी १४४१६ लावा.